चुना कोण लावणार?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉख मॉइडार्ट नावाच्या खाडीत एक खडकाळ बेट आहे. भरती आली की ते किनाऱ्यापासून तुटतं, ओहोटीला वाळूची पट्टी उघडी पडते आणि चालत पलीकडे जाता येतं. त्या बेटावरच्या किल्ल्याचं नाव कागदोपत्री टिओरम. तिथली जुनी भाषा गेलिक बोलणारे साधारण ‘चीरम’ म्हणतात. अर्थ, कोरडा. तीनशे वर्षं डोक्यावर छप्पर नसलेल्या आणि अटलांटिकचा पाऊस थेट पोटात घेणाऱ्या इमारतीला हे नाव म्हणजे थट्टाच आहे.

मॅकडोनल्ड कुळाच्या क्लॅनरॅनल्ड शाखेची ही गादी. बाहेर पाच बाजूंचा जुना तट, आत मनोऱ्यासारखं उंच घर. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेल्या १७१५ च्या जॅकोबाइट उठावात सामील व्हायला निघताना घराण्याचा प्रमुख ॲलन याने आपलाच किल्ला पेटवून द्यायला सांगितलं. मागे तो शत्रूच्या हाती पडू नये, एवढाच विचार. शेरिफमुइरच्या लढाईत ॲलन स्वतः कामी आला आणि किल्ला पुन्हा कुणी वसवला नाही. १९९७ मध्ये एका खासगी कंपनीने तो विकत घेतला. बेत असा होता की छप्पर घालायचं, मजले उभे करायचे, राहायला घर करायचं, सोबत घराण्याचं संग्रहालय ठेवायचं आणि काही प्रमाणात लोकांनाही येऊ द्यायचं. हायलँड कौन्सिलने बांधकामाला परवानगी दिली. पण किल्ला अनुसूचित, म्हणजे कायद्याने संरक्षित, स्मारक असल्याने हिस्टॉरिक स्कॉटलंड या सरकारी संस्थेचीही संमती लागत होती, आणि ती मिळाली नाही. जाहीर चौकशी झाली. २००२ मध्ये मंत्र्यांनी नकारावर शिक्कामोर्तब केलं.

याच काळात, २००० साली, किल्ल्याच्या वायव्येकडच्या तटाचा एक भाग कोसळला. त्याला हात लावू द्यावा की नाही यावर फाइली फिरत होत्या. तटाने आपल्यापुरता निकाल लावून टाकला.

इकडे तट पडला, तिकडे लोकांत दोन तट पडले. एकांचं म्हणणं असं की वाचवायला माणूस पैसे घेऊन दारात उभा असताना सरकारी बाबूंनी त्याला परत पाठवलं. दुसऱ्यांचं म्हणणं असं की सगळ्यांच्या इतिहासाचा तुकडा एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाता जाता वाचला. माझं मत दोघांनाही रुचणार नाही. नकार बरोबर होता, असं मला वाटतं. मात्र नकार देणाऱ्याने त्या भिंतीची काळजीही स्वतःच्या अंगावर घ्यायला हवी होती. तिथला कायदा त्याला तसं करायला भाग पाडत नाही, आणि खरं दुखणं तिथे आहे.

आधी या इमारतींविषयी थोडं. ‘टॉवर हाउस’ला मराठीत मनोरा-घर म्हणता येईल, पण मला ‘गढी’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो. किल्ला राज्याचा असतो, गढी घराण्याची. तिच्यात तोफखाना, फौज असलं काही नसतं. असतो एक जमीनदार, त्याचं कुटुंब, नोकरचाकर, आणि रात्री-अपरात्री कुणी ढोरं हाकून नेईल ही भीती. चौदाव्या ते सतराव्या शतकात स्कॉटलंडभर अशा गढ्या शेकड्यांनी उभ्या राहिल्या. इंग्लंडच्या सरहद्दीवर तर त्या बांधणं १५३५ च्या एका कायद्याने सक्तीचं केलं होतं. शंभर पौंडांची जमीन असलेल्या प्रत्येकाने दगड-चुन्याचा साठ फूट चौरस आवार बांधावा, भिंत एक एल जाड आणि सहा एल उंच असावी, आणि गरज वाटल्यास आत मनोरा उभारावा. एल म्हणजे सदतीस इंच. म्हणजे भिंत हातभर रुंद नव्हे, चांगली तीन फूट. परसाला साजेसं कुंपण नव्हे, जमीनदाराने आपल्या खर्चाने राखायचं ठाणंच ते.

मनोऱ्याची रचना सगळीकडे साधारण सारखी. तळाला दगडी कमानीचं कोठार, पेटवलं तरी न पेटणारं. दाराला लाकडी फळीमागे लोखंडी जाळीचा दरवाजा, त्याला ते ‘येट’ म्हणतात. कोपऱ्यातून वर जाणारा गोल जिना. पहिल्या मजल्यावर मोठी बैठक, तिच्यावर झोपायच्या खोल्या, सगळ्यात वर पहारा. बाहेरून सबंध मनोऱ्याला चुना आणि बारीक खडीचा जाड गिलावा, त्याचं नाव हार्लिंग. आज जो उघडा, काळपट, रांगडा दगड पाहून आपण ‘काय मध्ययुगीन वाटतं’ म्हणतो, तो मध्ययुगात बहुतेक ठिकाणी कुणाला दिसतच नव्हता. १९९९ मध्ये स्टर्लिंग किल्ल्याच्या मोठ्या दालनाला जुन्या पुराव्यानुसार पिवळसर चुना दिला तेव्हा शहरात केवढी बोंब उठली! लोकांना वाटलं, यांनी वारसा रंगवून टाकला. खरं तर वारसा धुऊन गेला होता.

आता पाणी. पडक्या गढीचा खून कुणी करत असेल तर तो पाण्याने, आणि तोही वरून. ही भिंत आतून भरीव दगडाची नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडांचा चुरा आणि चुना. छप्पर असतं तोवर भिंतीचा माथा कोरडा राहतो. छप्पर गेलं की त्या माथ्यातून पाणी थेट गाभ्यात उतरतं आणि वर्षानुवर्षं चुना विरघळवत खाली नेतं. हिवाळ्यात तेच पाणी गोठतं आणि फुगतं. वरच्या फटीत वाऱ्याने आणलेलं बी रुजतं, त्याचं झाड होतं. विसाव्या शतकात सरकारी खात्याने चांगल्या हेतूने अनेक ठिकाणी सांधे सिमेंटने भरले. सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही, ओल आतच कोंडते आणि शेजारचा मऊ दगड सोलून पडतो. हे सगळं इतक्या हळू घडतं की दर वर्षी जाणाऱ्याला भिंत जशीच्या तशी दिसते. मग एका सकाळी तिचा अर्धा भाग गवतात पडलेला असतो.

म्हणूनच ‘आहे तसं जपा’ या वाक्याने माझा नेहमी गोंधळ उडतो. आहे तसं म्हणजे कोणत्या दिवशीचं? छप्पर नसलेली चुन्याची इमारत ‘आहे तशी’ कधीच नसते.

हे तत्त्व आलं कुठून तेही पाहायला हवं, कारण ते हास्यास्पद मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुनी चर्चं ‘मूळ रूपात’ आणण्याची साथ आली होती. ज्याला जे शतक आवडेल त्या शतकात चर्च नेऊन सोडायचं, मधली सगळी शतकं खरडून काढायची. त्याविरुद्ध कलासमीक्षक जॉन रस्किनने लिहिलं, आणि १८७७ मध्ये कवी-कारागीर विल्यम मॉरिसने जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्थाच काढली. रोजची निगा राखून ऱ्हास थोपवा, खोटं जुनं उभारू नका, हे तिचं सांगणं. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने तेच एका ओळीत बांधलं, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. आपल्याकडेही हीच परंपरा पोचली. कर्झनच्या काळात १९०४ चा स्मारक कायदा झाला, पुरातत्त्व खात्याचे जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची नियमावली घालून दिली, आणि रायगडावर एखादी भिंत किती वर चढवायची हा वाद आजही त्याच चौकटीत होतो. गडावरचा चुन्याचा घाणा पाहायला थांबणाऱ्या माणसाला स्कॉटलंडमधलं हे भांडण परकं वाटणार नाही.

पण मॉरिसच्या वाक्याचे दोन भाग होते. खोटं उभारू नका हा एक. रोजची निगा राखा हा दुसरा. सरकारांनी पहिल्याचा कायदा केला आणि दुसऱ्याचा सुविचार केला.

स्कॉटलंडमध्ये हे कसं दिसतं? तिथे जुन्या वास्तूला दोन प्रकारचं संरक्षण मिळतं. वापरात असलेल्या किंवा येऊ शकणाऱ्या इमारती वारसा यादीत जातात, त्यांना ए, बी, सी अशा श्रेण्या असतात. अवशेष, टेकाडं, पुरातत्त्वीय जागा १९७९ च्या कायद्याखाली अनुसूचित स्मारक होतात; अशी सुमारे ८,००० स्मारकं तिथे आहेत. छप्पर नसलेल्या गढ्या बहुधा या दुसऱ्या खान्यात पडतात. यादीतली इमारत कुजू दिली तर नगरपालिका मालकाला दुरुस्तीची नोटीस काढू शकते, न ऐकल्यास इमारत सक्तीने घेण्यापर्यंत जाऊ शकते, आणि रिकाम्या इमारतीचं तातडीचं काम स्वतः करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. अनुसूचित स्मारकाचं तसं नाही. परवानगीशिवाय दगड हलवणं हा गुन्हा आहे, पण दगड आपोआप पडू देणं हा गुन्हा नाही. सरकार मनात आणेल तर आत शिरून तातडीचं काम करू शकतं, स्मारक पालकत्वाखाली घेऊ शकतं, अनुदान देऊ शकतं. मालकाला ‘दुरुस्त कर’ म्हणून बजावण्याची सोय मात्र नाही. म्हणजे ज्या वास्तूला अधिक मोलाची, अधिक नाजूक मानलं, तिलाच देखभालीचा कमी आधार. कुणीतरी शाळेत सगळ्यात हुशार मुलाला दप्तर द्यायचं विसरावं तसं.

पुनर्बांधणीच्या बाजूने बोलणारे इथे आयलन डोनानचा दाखला देतात, आणि तो दाखला मला नेमका उलटा वाटतो. तीन खाड्या जिथे मिळतात तिथला हा किल्ला १७१९ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तीन जहाजांनी तोफांनी फोडला. आत स्पॅनिश शिबंदी होती. मग तिथेच सापडलेली बंदुकीच्या दारूची ३४३ पिंपं वापरून उरलेला उडवून दिला. जवळजवळ दोन शतकं तो ढिगारा होता. १९११ मध्ये कर्नल जॉन मॅकरे-गिलस्ट्रॅप यांनी तो विकत घेतला आणि १९३२ पर्यंत आजचा किल्ला उभा केला. चॉकलेटच्या डब्यांवर, दिनदर्शिकांवर, विमान कंपन्यांच्या जाहिरातींत ‘मध्ययुगीन स्कॉटलंड’ म्हणून जे दिसतं ते बहुधा हेच. त्या चित्रातला कमानींचा सुंदर पूलही विसाव्या शतकातला आहे. काम संपल्यावर १७१४ साली लुई पेटिट या लष्करी सर्वेक्षकाने काढलेली रेखाटनं सापडली, आणि उभारलेला किल्ला त्यांच्याशी जुळत नाही हे कळलं. तोवर उशीर झाला होता. पाया, ढिगारा, जळलेले थर, सगळ्यावर नवा किल्ला बसला होता. मला आयलन डोनान आवडतो, हे कबूल करतो. पण तो १९३२ चा किल्ला म्हणून आवडतो.

टिओरमचं वेगळेपण इथे आहे. तिथे आगीनंतर कुणी फारसं काही केलेलं नाही. तेराव्या-चौदाव्या शतकापासून १७१५ पर्यंतचे बदल एकमेकांवर चढलेले, भिंतीतच वाचता येण्यासारखे. घर करायचं म्हणजे नळ हवेत, सांडपाणी हवं, तुळयांसाठी खोबणी हव्यात, उष्णता हवी. प्रत्येकासाठी कुठेतरी खोदणं आलं. अशा दुर्मीळ वास्तूला एकदाच वाचायचं पुस्तक समजून हात आवरणं योग्यच होतं. त्यातून स्कॉटलंडमध्ये जमिनीची मालकी फार थोड्यांच्या हातात आहे; २००३ च्या कायद्याने कुणालाही जबाबदारीने रानावनात, किनाऱ्यावर फिरण्याचा हक्क मिळाला, तो काही सहज मिळालेला नाही. तिथल्या सामान्य माणसाला एखाद्या घराण्याच्या किल्ल्यावर पुन्हा खासगी दार बसताना पाहून अस्वस्थ वाटलं, तर त्याला निव्वळ मत्सर म्हणता येणार नाही.

पण मग पुढे काय? नकारानंतर दोन दशकं उलटून गेली तरी किल्ल्याच्या आत लोकांना मोकळेपणाने जाता येत नाही, दगड डोक्यावर पडायची भीती. ज्यांच्यासाठी तो राखला ते बाहेर उभे, ज्याला तो हवा होता तोही बाहेर. सरकार ‘नाही’ म्हणालं तेव्हा त्याच पत्रात भिंतीचा माथा कोण झाकणार, कधीपर्यंत, कुणाच्या पैशाने, हे लिहायला हवं होतं. फार खर्चिक उपायच करा असं नाही. अलीकडे पडक्या भिंतींच्या माथ्यावर चिकणमाती आणि गवताची जाड चकती बसवतात. ती पाऊस शोषते, दंव अडवते, सिमेंटच्या टोपीपेक्षा भिंतीला मानवते. सगळ्या पडक्या गढ्यांना छप्पर शक्य नाही, पण गवताची टोपी बऱ्याच जणींना परवडेल.

सरकार सगळं स्वतः सांभाळेल, हा भ्रमही सोडायला हवा. सरहद्दीवरचा स्मेलहोम मनोरा याचं चांगलं उदाहरण. कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉट लहानपणी आजारपणात आजोबांच्या शेतावर, त्याच्या सावलीत वाढला. मनोरा पडायला आला तेव्हा त्याने नात्यातल्या मालकाला दुरुस्तीची गळ घातली, मालकाने त्याबदल्यात एक कथाकाव्य मागितलं आणि स्कॉटने ते लिहून दिलं, असं सांगतात. कविता देऊन दुरुस्ती करून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. १९५० मध्ये स्मेलहोम सरकारी देखरेखीखाली आला. आता ही देखरेख हिस्टॉरिक स्कॉटलंडच्या जागी आलेल्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडकडे आहे, २०१५ पासून. तिच्याकडे तीनशेहून अधिक वास्तू आहेत. गेल्या काही वर्षांत तिने उंचावरच्या दगडकामाची बारकाईने तपासणी सुरू केली, तेव्हा अनेक ठिकाणी कुंपणं घालावी लागली, काही ठिकाणी दारंच लावून घ्यावी लागली. पाऊस वाढतोय, आणि एका झोडपणीतून भिंत सुकण्याआधी दुसरी येतेय. देशातली सगळ्यात जाणती संस्था स्वतःच्या मनोऱ्यांना पुरी पडत नसेल, तर आणखी शेकडो तिच्या पदरात टाकून काय होणार?

म्हणून खासगी मालक लागणारच. सरसकट नव्हे. जी गढी अर्ध्याहून अधिक उभी आहे, जिच्या भिंतीत तुळयांच्या खोबणी, छपराचे उतार, जिन्याच्या पायऱ्या दिसतात, जिथे अंदाज कमी आणि पुरावा जास्त, तिथे छप्पर हेच सर्वोत्तम जतन आहे. तिला अनुसूचित स्मारकांतून काढून वारसा यादीत घ्यावं, मालकाला राहू द्यावं, आणि बदल्यात कागदावर पक्कं करून घ्यावं की वर्षातले ठरावीक दिवस दार उघडं असेल. कॅसल स्टॉकर हा समुद्रातल्या खडकावरचा मनोरा असाच वाचला. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट ऑलवर्ड यांनी तो घेतला आणि दहाएक वर्षं खपून राहण्याजोगा केला.

मात्र असा खपणारा माणूस आज निघाला तर सरकारच त्याला चुना लावतं. ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य. जुन्याची दुरुस्ती केली तर वीस टक्के. वारसा यादीतल्या इमारतीत मंजूर बदलांना पूर्वी सूट होती, ती १ ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेतली. हा कर लंडनहून ठरतो, एडिनबराहून नव्हे, त्यामुळे स्कॉटिश मंत्री हात वर करायला मोकळे. एकीकडे वारसा जपा म्हणून फलक लावायचे आणि दुसरीकडे शेतात नवी वसाहत उभारणाऱ्याला जी सवलत ती चुन्याची गोणी वाहणाऱ्याला द्यायची नाही. या एका दुरुस्तीने जेवढ्या गढ्या वाचतील तेवढ्या दहा धोरणांच्या मसुद्यांनी वाचणार नाहीत, असं मी पैजेवर म्हणेन.

आणि चुना लावणारे हातही हवेत. फाइफमधल्या चार्ल्सटाउनला अठराव्या शतकात अर्ल ऑफ एल्गिनने चुनाभट्ट्यांची अख्खी रांग बांधली होती. भट्ट्या थंडावल्या, गवंडी सिमेंटकडे वळले आणि दोन पिढ्यांत कसब जवळपास विसरलं गेलं. १९९४ पासून त्याच गावात स्कॉटिश लाइम सेंटर ट्रस्ट ते पुन्हा शिकवतो. चुना शिकायला वेळ लागतो. तो कधी लावायचा, किती दिवस ओला झाकून ठेवायचा, दंव पडायच्या किती आधी काम थांबवायचं, हे कागदावर उतरत नाही.

या सगळ्याचं जमून आलेलं एक उदाहरण उत्तरेला, मुइर ऑफ ऑर्डजवळ आहे. फेअरबर्न मनोरा सोळाव्या शतकात मॅकेन्झी घराण्यातल्या मर्डोने बांधला. लोककथांतल्या ‘ब्राहनच्या द्रष्ट्या’ने भाकीत केलं होतं म्हणे, की हे घराणं बुडेल आणि मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या खोलीत गाय विणेल. घराणं बुडालं. मनोऱ्यात शेतकऱ्याने कडबा साठवला. १८५१ मध्ये सांडलेल्या कडब्याच्या मागावर एक गाय गोल जिना चढून वर गेली, अडकली आणि तिथेच व्याली, आणि लांबलांबून लोक ते पाहायला आले, अशी गोष्ट सांगतात. पुढे छप्पर गेलं, भिंतींना भेगा पडल्या. लँडमार्क ट्रस्टने तो हाती घेतला. ही धर्मादाय संस्था पडक्या वास्तू दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देते. भेगा शिवल्या, मजले आणि छप्पर घातलं, बाहेरून पुन्हा हार्लिंग केलं. आतल्या लाकडी छतावर सोळाव्या शतकाच्या धर्तीवर चित्रं काढली. ती नवी आहेत आणि संस्था ती नवी असल्याचं सांगते. उघडा दगड गेल्याची हळहळ काहींना वाटली असेल. मनोरा आता फिकट, एकसारखा, जरा परका दिसतो. काही वर्षांनी त्या गिलाव्याला पुन्हा हात द्यावा लागेल, आणि तो खर्च वरच्या खोलीत झोपायला येणाऱ्यांच्या भाड्यातून निघेल.